नाताळच्या कामांच्या धबडग्यात मनाची तयारी कशी करावी?

घराची रंगरंगोटी, गोठा (येशूजन्माचा देखावा), फराळ, खरेदी या सगळ्यात पहिली कात्री प्रार्थनेलाच लागते. आमच्या घरी दरवर्षी हेच व्हायचं. म्हणून मोठे संकल्प करू नका, एकच छोटी गोष्ट धरा.

आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचा काळ, नाताळआधीच्या चौथ्या रविवारी सुरू होतो. हिरव्या पानांच्या चक्रात चार मेणबत्त्या लावा: तीन जांभळ्या, एक गुलाबी (ती तिसऱ्या रविवारची, आनंदाची). जेवणाआधी पाच मिनिटं ट्यूबलाइट बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत, आणि बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातली (येशूच्या जीवनकथेतली) चार वचनं. बरेच जण १ डिसेंबरपासून रोज एक अध्याय वाचून २४ला पूर्ण लूक संपवतात. मला ती शर्यत वाटते. पहिल्याच अध्यायात ८० वचनं आहेत, रोज चार धरली तर वीस दिवस पुरतात.

त्यात देवदूत म्हाताऱ्या याजक जखऱ्याला आणि येशूची आई होणाऱ्या मरियेला मूल होणार असं सांगतो. जखऱ्याही प्रश्न विचारतो, मरियाही विचारते. जखऱ्याला खूण हवी असते. मरियेला पुढचं सगळं कळलेलं नसतं, तिचं ज्याच्याशी लग्न ठरलंय तो योसेफ काय म्हणेल हेही नाही, तरी ती होकार देते. भरवसा म्हणजे काय हे मला तिथे कळलं. मग स्वतःची काळजी नाव घेऊन सांगा: मुलाची नोकरी, आईचा रिपोर्ट, भावाशी तुटलेलं बोलणं. गोलगोल प्रार्थना करू नका.

कॅथलिक असाल तर पापनिवेदन (धर्मगुरूंपुढे पापांची कबुली) आगमनकाळाच्या तिसऱ्या आठवड्याआधीच उरका. शेवटच्या दिवसांत रांग लागते आणि आपलं अर्धं लक्ष घड्याळाकडे असतं.