जुनी होंडा सिटी व्हीटेक हौशी रेसिंगसाठी तयार करायची तर सुरुवात कुठून करावी?

प्रश्न: मी धुळ्याचा. काकांची २००२ ची सिटी व्हीटेक मला मिळाली. फक्त ५२,००० किलोमीटर चाललेली, दहा वर्षं शेडमध्ये उभी होती. ट्रॅक डे (रेस ट्रॅकवर हौसेने आपली गाडी पळवायचा दिवस) आणि जमलं तर क्लब रेसिंग करायचं आहे. मोठे अलॉय, एअर इन्टेक आणि एक्झॉस्ट यांचं कोटेशन आणलंय. आधी काय करू?

उत्तर: भाऊ, ते कोटेशन घडी करून डॅशबोर्डच्या खणात ठेवून द्या. दीड लिटरचं १०६ बीएचपीचं ते इंजिन आहे. आपल्या पिढीला परवडण्यासारखी स्पोर्ट्स कार ती हीच, आणि तुम्हाआम्हाला पहिली दोन वर्षं तेवढी ताकद जड जाते.

‘फक्त ५२,०००’ हे तुम्ही ज्या कौतुकाने लिहिलंय ना, तिथेच मी फसलो होतो. माझीही व्हीटेकच, एमएच १९, तीही अशीच कमी चाललेली. लोखंड किलोमीटरने झिजतं, रबर मात्र वर्षांनी मरतं. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेल्यावर पत्र्याच्या शेडमध्ये काय भट्टी होते ते धुळेकराला मी काय सांगू.

माझी पहिलीच वारी कोइम्बतूरच्या कारी रेस ट्रॅकवर. गाडी टेम्पोवर चढवून हजार किलोमीटरच्या वर नेलेली. तिसऱ्या सेशनला, म्हणजे ट्रॅकवरच्या तिसऱ्या पाळीला, ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढायला लागली. मग सरळ रस्त्यावरही जड झाली. पिटमध्ये आलो तर पुढच्या डाव्या चाकाजवळ हात नेववत नव्हता, करपल्याचा वास. कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, सुटतच नव्हता. वारी तिथेच संपली.

घरी येऊन त्या चाकाचा ब्रेक होज, म्हणजे ब्रेक ऑइलचा रबरी पाइप, उभा चिरला. बाहेरून तुकतुकीत, एक भेग नाही. आतून फुगून भोक इतकं बारीक झालेलं की खराट्याची काडी जेमतेम जाईल. पेडल दाबल्यावर पायाच्या जोराने ऑइल पुढे जायचं, पण पाय काढल्यावर परत यायला वाटच नव्हती. गंमत म्हणजे गाडी तयार करताना मी तो बदलायला सांगितला होता. आमचा मिस्त्री अमळनेरकडचा, म्हणाला, “भाऊ, हाई ते नवंच शे, कसाले बदलस?” (हे तर नवंच आहे, कशाला बदलतोस?) मलाही पटलं. काही शे रुपये वाचवले.

म्हणून पहिलं काम: गाडीतलं रबर असेल तेवढं नवं. चारही ब्रेक होज, कॅलिपर आणि मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ऑइलला देणारा पंप) यांचे रबरी सीलचे किट, रेडिएटर आणि हीटरचे पाइप, इंजिन माउंटिंग, सस्पेन्शनच्या लोअर आर्मचे बुश. पेट्रोलचे पाइप तर टाकीपासून इंजिनपर्यंत बदलाच, गरम एक्झॉस्टवर पेट्रोलचा थेंब पडला तर पुढचं सांगायला नको. टायमिंग बेल्टही रबरच. या इंजिनात तो तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. तोच बेल्ट वॉटर पंपही फिरवतो, तेव्हा एकदा उघडलंच आहे तर पंपही बदलून टाका. टायरच्या बाजूला ‘डॉट’च्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसू दे, इतका जुना टायर ट्रॅकवर न्यायचा नाही.

नंतर ब्रेक ऑइल. ते हवेतलं पाणी पितं. ताजं डॉट ४ (हा ब्रेक ऑइलचा ग्रेड, टायरवरच्या ‘डॉट’शी संबंध नाही) असेल तर मानकाप्रमाणे किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी प्यायलेलं १५५ लाच उकळू शकतं. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल जमिनीला टेकतं. दहा वर्षं उभ्या गाडीतलं ऑइल म्हणजे पाणीच समजा. सगळं काढून डॉट ४ किंवा ५.१ भरा. डॉट ५ नको, ते सिलिकॉनचं असतं, यात मिसळत नाही. पॅड बरे घ्या आणि घासून बसवून मगच ट्रॅकवर जा. सेशन संपवताना शेवटचा लॅप हळू मारा, म्हणजे ब्रेक थंड होतात. उभी केल्यावर तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा.

कूलिंगबद्दल आपल्या भागातले दोन रोग. एक, बोअरचं खारट पाणी. रेडिएटरमध्ये तेच ओतत राहिलं की आत क्षारांचा थर बसतो, आपल्या बंबात बसतो तसाच. रेडिएटर रॉड मारून साफ करा किंवा सरळ नवा घ्या, आणि डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं निम्मं भरा. दुसरा, मिस्त्री मंडळींचा लाडका उपाय: “थर्मोस्टॅट काढून टाकू, गाडी थंड राहील.” थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप. तुमच्याही गाडीतला कुणीतरी आधीच काढलेला असण्याची दाट शक्यता आहे. उघडून बघा, नवा बसवा. रेडिएटरचं झाकणही नवं घ्या. पाण्यावर दाब टिकतो तो त्या झाकणामुळे, आणि दाब असला तरच पाणी शंभरच्या पुढेही उकळत नाही. चाळीस रुपयांचं नकली घेऊ नका.

इंजिनाला ऑइल आणि फिल्टर नवे, पातळी वरच्या खुणेपर्यंत. लांब वळणात ऑइल संपच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग जातात. ऑइल प्रेशर गेज लावलंत तर उत्तम. एवढंच, बाकी इंजिनाला हात नको. मोठे अलॉयही नकोत, त्यांनी चाकाचं वजन वाढतं. आहेत त्याच १४ इंची रिमवर चांगले टायर घाला. चाकाचे नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) १०८ न्यूटन मीटरला आवळा. टायरवाला पाइप लावून त्यावर उभा राहतो, ते त्याला करू देऊ नका.

आता जिवाचं. नुसता ट्रॅक डे करायचा असेल तर मूळ सीट, मूळ तीन पॉइंटचा बेल्ट आणि चांगलं हेल्मेट ठेवा. रोल केज (गाडीच्या आतला लोखंडी पाइपांचा पिंजरा) नसताना हौसेने चार पॉइंटचे पट्टे लावतात, ते मला मान्य नाही. गाडी उलटली आणि छप्पर दबलं तर मूळ बेल्टमध्ये माणूस बाजूला कलंडू शकतो, त्या पट्ट्यांनी तो ताठ बांधलेला राहतो. सीट, पट्टे आणि केज एकत्रच येतात.

केजसाठी एमआयडीसीत पाइप वाकवून देणारे खूप आहेत. शेड, ट्रॉली सगळं झकास करतात. पण केज नळाच्या जीआय पाइपचा नसतो. मुख्य कमान सीमलेस (बिनजोडाच्या), कोल्ड ड्रॉन (थंड ओढून बनवलेल्या) पाइपची, ४५ मिलिमीटर व्यास आणि २.५ जाडी किंवा ५० आणि २, हे एफआयएचं, म्हणजे मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेचं, किमान माप. केजचा पाय जिथे पत्र्याला टेकतो तिथे ३ मिलिमीटर जाड, निदान १२० चौरस सेंटिमीटरची प्लेट हवी, नाहीतर अपघातात पाय पत्रा फाडून खाली उतरतो. माझा पहिला केज मी स्क्रुटिनीला (रेसआधीच्या गाडीच्या तपासणीला) नेण्याआधीच भंगारात दिला, वेल्ड बघून मलाच लाज वाटली. दोन किलोचं एक्स्टिंग्विशर, बाहेरून हात पोचेल असा किल स्विच (गाडीची वीज आणि इंजिन बंद करणारा), बॅटरीला पक्का क्लॅम्प आणि पुढेमागे टो हुक, हे मात्र तिथेच करून घ्या. छान करतात.

केज घालण्याआधी एक ठरवा: ही गाडी रस्त्यावरही चालवायची आहे का? केज आणि कापाकापी झालेली गाडी आरटीओच्या नजरेत बेकायदा बदल केलेली ठरते. रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग नेहमीच्या विमा पॉलिसीत बसत नाही, ठोकलीत तर खर्च तुमचा. आणि शिरपूरकडच्या हायवेवर रात्री ‘टेस्टिंग’ करायचा मोह होतो, मला माहितीये. रस्त्यावर शर्यत हा गुन्हा आहे, आणि त्या रस्त्यावर बिनदिव्याचे ट्रॅक्टर असतात.

खरी रेस करायची तर एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेचं, लायसन्स लागतं, मेडिकलसकट. ट्रॅक आपल्याला लांबच: चेन्नईजवळचा ३.७ किलोमीटरचा, कोइम्बतूरचा कारी, नोएडाकडचा बुद्ध. म्हणून टेम्पोचं भाडं, टायर आणि एन्ट्री फी यासाठी निम्मे पैसे आधीच बाजूला काढा. मी सगळे गाडीत घातले आणि पहिल्या वर्षी तीन सेशन चालवली.

तूर्तास टायरवरचे ते चार आकडे वाचून खाली लिहा. आणि थर्मोस्टॅट आहे की नाही तेही.