बायपास फॅटसाठी सोनं गहाण ठेवू का?

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका वाचकाने विचारलंय: सहा संकरित गायी आहेत. दोन व्यायल्याला तीन आठवडे झाले, त्या 14 लिटर देतात. तिघी व्यायल्यानंतरच्या सातव्या-आठव्या महिन्यात, सात-सात लिटरवर. एक भाकड. डेअरीत फॅट 3.2 लागते, दर साधारण 40 रुपये. एका विक्रेत्याने सांगितलं की प्रत्येक गायीला रोज 250 ग्रॅम बायपास फॅट वर्षभर द्या, गायीमागे तीन लिटर वाढतील आणि फॅट साडेचारवर जाईल. साडेपाचशे किलो एकदम घेतलं तर 175 ऐवजी 160 रुपये किलो. त्यासाठी 88 हजारांचं सोनेतारण कर्ज काढू का?

नाही. आणि भाकड गायीच्या नावावरही तीन लिटर धरणाऱ्या विक्रेत्याला पुन्हा गोठ्यात घेऊ नका.

बायपास फॅट म्हणजे पामतेलातली स्निग्धाम्लं कॅल्शियमशी बांधून केलेली पावडर. गायीच्या कोटीपोटात, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटात, सामू (pH) साधारण सहा-साडेसहा असतो, तिथे ही पावडर विरघळत नाही. पुढे चौथ्या पोटातल्या आम्लात कॅल्शियम सुटतं आणि तेल आतड्यात शोषलं जातं. साध्या तेलाचं तसं होत नाही. ते कोटीपोटातच पसरतं, पेंढ्याच्या तंतूंवर थर धरतं आणि तंतू पचवणारे जिवाणू मारतं.

तुमच्या पत्रातली एक ओळ म्हणून खटकली: मेव्हण्याच्या हॉटेलातलं तळणीचं तेल फुकट मिळतं, ते तुम्ही रोज गायीमागे 300 मिली आंबोणात (भिजवलेल्या खुराकात) घालता. हिशेब करा. गाय दिवसाला 12 किलो शुष्क चारा-खुराक खाते, त्यात आधीच तीनेक टक्के म्हणजे 360 ग्रॅम स्निग्ध पदार्थ असतो. वर तुमचं पावणेतीनशे ग्रॅम तेल. बेरीज पाच टक्क्यांच्या वर गेली, तीही भाताच्या पेंढ्यावर जगणाऱ्या गायीची, जिचं सगळं पचन त्या जिवाणूंवर चालतं. शिवाय पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल. फॅट 3.2 वर अडकण्यामागे हे मोठं कारण असू शकतं. आजपासून बंद करा आणि दोन-तीन आठवडे डेअरीची चिठ्ठी बघा. याला खर्च शून्य.

पावडर द्यायचीच तर फक्त ताज्या दोघींना. लिटरमागे 15 ग्रॅम, म्हणजे रोज 200 ग्रॅम, व्यायल्यापासून तीन महिने. पुढच्या वेतात व्यायच्या आठ-दहा दिवस आधीपासून. दोघींना मिळून 36 किलो, चढ्या दराने 6,300 रुपये. गायीमागे रोजचे 35 रुपये. एक लिटर वाढलं तर 40 येतात, फॅटचा पॉइंट वेगळा. खरा फायदा दुधात कमी आणि अंगात जास्त: व्यायल्यावर गाय खंगत नाही आणि माजावर वेळेत येते. व्यायल्याला आठ महिने झालेल्या गायीला दिलंत तर चरबी तिच्या पाठीवर चढेल, तुमच्या खिशात काही नाही. सहाही गायी वर्षात व्यायल्या तरी 110 किलोच्या आसपास लागेल. साडेपाचशे किलोच्या उघड्या पोत्यांचं जूनच्या दमटीत काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

सुरुवात 50 ग्रॅमने करा, आठवड्यात पूर्ण मात्रेवर या. साबणासारखा वास येतो म्हणून गाय तोंड फिरवते; ओल्या आंबोणात कालवा. पोत्यावर चरबी 80 टक्क्यांच्या वर आणि कॅल्शियम सात ते नऊ टक्के लिहिलेलं हवं. चहाइतक्या गरम पाण्यात चमचाभर टाका. तेलाचा तवंग आला तर ती कॅल्शियमने बांधलेली पावडर नव्हे. आणि या चरबीतून कोटीपोटातल्या जिवाणूंना काही मिळत नाही, ती थेट गायीला जाते. हिरवा चारा आणि प्रथिनं कमी असतील तर पावडर ती भरून काढत नाही. आधी नेपिअर गवताचे दोन वाफे लावा.

आता तुम्ही न विचारलेलं. गायींच्या कर्जासोबत बँकेत 'सक्तीची' म्हणून ठरावीक परताव्याची हमी देणारी एक विमा पॉलिसी घेतलीत: वर्षाला 48 हजार, दहा वर्षं, विसाव्या वर्षी 9.6 लाख. दोन हप्ते भरले, तिसरा पुढच्या महिन्यात. आणि याच हप्त्यापायी गेल्या वर्षी गायींच्या विम्याचे साडेतीन हजार भरले नाहीत. मग पावसात एक गाय गेली, 80 हजार गेले.

कर्जासोबत पॉलिसी सक्तीची नसते. तिचा परतावा साडेचार टक्के, कर्ज तुमचं साडेतीन लाखांचं, 11 टक्क्यांनी. इथून पुढचे आठ हप्ते भरलेत, तरी ते आणि आज पॉलिसी मोडून मिळू शकणारे तीसेक हजार मिळून त्या पैशांवर पावणेसहा टक्क्यांच्या आसपास पडतात. तुम्हाला काही झालं तर मिळणारे 4.8 लाख, त्यातून कर्ज फिटल्यावर घरात सव्वा लाख उरतात. याला संरक्षण म्हणवत नाही.

तिसरा हप्ता भरू नका. कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा: आज सरेंडर केल्यास (पॉलिसी मोडल्यास) किती, पेड-अप केल्यास (पुढचे हप्ते न भरता तशीच ठेवल्यास) मुदतीअंती किती. पहिला आकडा 30 हजारांच्या आसपास आणि दुसरा दोन लाखांहून कमी असेल, तर सरेंडर करून रक्कम कर्जात भरा. नुकसान झालंय, ते वसूल करायच्या आशेवर आणखी 3.84 लाख टाकू नका. त्याऐवजी 25 लाखांचा साधा टर्म विमा (फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा) घ्या, काही हजारांत होतो.

उरलेल्या 40 हजारांतून सगळ्यात आधी गायींचा विमा. 80 हजार धरल्या तर सहा गायी म्हणजे 4.8 लाख. राष्ट्रीय पशुधन अभियानात 2024 पासून शेतकऱ्याचा वाटा हप्त्याच्या 15 टक्के आहे, दहा मोठ्या जनावरांपर्यंत. वाळपईच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. कानातला बिल्ला पडला असेल तर आधी बसवून घ्या. बिल्ल्याविना मेलेल्या गायीचा दावा कंपनी सरळ नाकारते.

खाद्यासाठी पैसे कमी पडले तर सोन्याला हात लावू नका. पशुपालनासाठीचं किसान क्रेडिट कार्ड काढा. दोन लाखांपर्यंत 7 टक्के, वेळेत फेडलं तर प्रत्यक्षात 4. बँकेत अर्ज देताना दूध संस्थेची सहा महिन्यांची बिलं जोडा, आणि समोरचा पुन्हा एखादी पॉलिसी पुढे सरकवू लागला तर पॉलिसीविना कर्ज नाकारत असल्याचं त्याच्याकडून लेखी मागा.