साक्षीच्या पिंजऱ्यातील धैर्य

प्रश्न : मी कोल्हापुरात इंग्रजी साहित्य घेऊन एम.ए. करीत आहे. हार्पर ली यांच्या ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ या कादंबरीतील नीतिधैर्य आणि वर्णद्वेष हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. वकील अ‍ॅटिकस फिंच हाच नीतिधैर्याचा आदर्श मानावा का? आणि तो खटला हरतो, मग त्या धैर्याचा उपयोग काय झाला?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : अ‍ॅटिकस धैर्यवान आहे, याविषयी शंका नाही. मात्र 1960 साली प्रसिद्ध झालेल्या आणि 1930 नंतरच्या अलाबामात घडणाऱ्या या कादंबरीत सर्वांत मोठी जोखीम तो पत्करीत नाही. ती पत्करतो त्याचा कृष्णवर्णीय अशील टॉम रॉबिन्सन; मायेला या गोऱ्या तरुणीवर बलात्कार केल्याचा खोटा आरोप त्याच्यावर आहे. मायेलाच्या चेहऱ्याची उजवी बाजू सुजलेली होती, तिचा बाप डावखुरा होता आणि टॉमचा डावा हात लहानपणीच कापसाच्या यंत्रात सापडून निकामी झाला होता, म्हणजे पुरावा त्याच्या बाजूचाच होता. तरीही तिला मोबदला न घेता मदत का केली, असे सरकारी वकील विचारतो, तेव्हा आपल्याला तिची कीव आली, असे टॉम सांगून जातो. कृष्णवर्णीयाने गोऱ्या स्त्रीची कीव करावी, हे त्या गोऱ्या ज्यूरीला कोणत्याही पुराव्यापेक्षा अधिक झोंबणारे होते. हा प्रसंग मला संपूर्ण कादंबरीचा गाभा वाटतो.

श्रीमती ड्युबोज यांचे प्रकरणही बारकाईने वाचावे. मरण्यापूर्वी मॉर्फिनच्या व्यसनातून मुक्त होणाऱ्या या वृद्धेला अ‍ॅटिकस धैर्याचे उदाहरण म्हणून मुलांपुढे ठेवतो. पण कृष्णवर्णीयाचे वकीलपत्र घेतले म्हणून त्याच्याविषयी अत्यंत विखारी बोलणारीही तीच आहे. धैर्य आणि न्यायबुद्धी एकाच व्यक्तीत एकत्र नांदतातच असे नाही, हे लेखिकेने येथे दाखवले आहे.

खटल्याच्या पार्श्वभूमीसाठी स्कॉट्सबरो प्रकरण पाहावे. 1931 साली अलाबामातच नऊ कृष्णवर्णीय तरुणांवर बलात्काराचा आरोप झाला आणि पुरते गोरे असलेल्या ज्यूरींनी त्यांपैकी आठ जणांना दोषी ठरवल्यावर त्यांना देहदंडाची शिक्षा सुनावण्यात आली. ज्यूरीच्या यादीतून कृष्णवर्णीयांना पद्धतशीरपणे वगळल्याच्या कारणावरून 1935 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यातील एक शिक्षा रद्द केली. अन्याय एखाद्या दुष्ट माणसापुरता नसून यंत्रणेत मुरलेला होता, हे त्यावरून ध्यानात येईल.

आपल्या भागाशी तुलना करणार असाल, तर कातडीचा वर्ण आणि जात यांना एकच मानू नका. तुलना करायची ती उपायांची करा. शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, म्हणजे थेट व्यवस्थेत हात घातला. अ‍ॅटिकस व्यवस्थेच्या आत राहून युक्तिवाद करतो. 1920 च्या माणगाव परिषदेत तर डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत समाज स्वतःच व्यासपीठावर आला. कादंबरीतील टॉमला मात्र प्रश्न विचारला जाईल तेव्हाच बोलता येते, आणि कथा अ‍ॅटिकसच्या लहान मुलीच्या, म्हणजे एका गोऱ्या मुलीच्या नजरेतून येत असल्यामुळे त्यांच्या घरी काम करणाऱ्या कृष्णवर्णीय कॅलपर्नियाच्या चर्चमधील प्रसंग सोडल्यास कृष्णवर्णीयांचे आपसांतील बोलणे फारसे ऐकू येत नाही. ही मर्यादा प्रकल्पात स्पष्ट नोंदवा.

आता पराभवाविषयी. निकालाला काही तास लागले, ज्यूरीतील एक सदस्य टॉमच्या सुटकेवर अडून बसला होता, एवढेच समाधान अ‍ॅटिकस मानतो. मला ते अपुरे वाटते, कारण पुढे तुरुंगातून पळू पाहताना टॉमच्या शरीरात सतरा गोळ्या घुसतात. म्हणून मांडणीचा आरंभ एकोणिसाव्या प्रकरणातील टॉमच्या साक्षीपासून करा आणि अ‍ॅटिकसचे विसाव्या प्रकरणातील भाषण त्यानंतर घ्या.