खोटा आवाज, बायकी आवाज आणि 'काउंटरटेनर'

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या गानमंडळात दर महिन्याला एक ध्वनिमुद्रण सगळे मिळून ऐकतात आणि त्याआधी पानभर मराठी टिपण वाटलं जातं. या वेळी त्यांनी इटालियन संगीतकार व्हिवाल्दीचं 'स्टाबात मातेर' (क्रूसापाशी उभ्या असलेल्या मरियेविषयीचं लॅटिन स्तोत्र) निवडलंय, आंद्रेआस शोल या जर्मन गायकानं 1995 साली ध्वनिमुद्रित केलेलं. टिपणात त्यांनी लिहिलं : 'गायक पुरुष असून खोट्या आवाजात गातो.' मंडळातल्या एका ज्येष्ठ सभासदांनी 'खोट्या' शब्दावर काट मारून वर 'बायकी' असं लिहून दिलं. यातलं बरोबर काय, काउंटरटेनरला (अशा बारीक, चढ्या आवाजात गाणाऱ्या पुरुष गायकाला) मराठी शब्द आहे का, आणि स्तोत्राच्या पहिल्या ओळीचं भाषांतर 'दुःखी माता उभी राहिली' असं चालेल का, असं ताई विचारतात.

ताई, दोन्ही शब्द काढा. पण 'खोटा' तुम्ही उगीच लिहिलेला नाही, म्हणून आधी त्याच्याबद्दल.

पाश्चात्त्य संगीतात या आवाजाच्या लकबीला फॉल्सेटो म्हणतात. इटालियन 'फाल्सो' म्हणजे खोटा, त्याला लघुत्वाचा प्रत्यय लागून फॉल्सेटो. शब्दशः पाहिलं तर तुमचं भाषांतर अचूक आहे. गंमत म्हणजे आपल्याकडेही गाणं शिकवणारे याच प्रकाराला 'खोटा आवाज' म्हणतात, कुणी 'चोरटा आवाज' म्हणतात. मी अकरा-बारा वर्षांचा असताना तार षड्ज गाठायचा म्हणून गळा आवळून बारीक सूर काढायचो. गुरुजी पेटीवरचा हात उचलायचे आणि म्हणायचे, 'खोटा नको, खुला लाव.' ख्यालात अपेक्षा अशी की मंद्रापासून तारेपर्यंत एकच आवाज जावा, मध्ये कुठे सांधा दिसू नये. सांधा दिसला की गवई पकडला गेला.

म्हणजे मराठीत 'खोटा आवाज' हा शब्द एका शिस्तीनं घडवला आहे आणि त्याचं काम मनाई करण्याचं आहे. खोटं नाणं, खोटी साक्ष, खोटा आवाज. आता वीस-पंचवीस वर्षं मेहनत करून कुणी त्याच आवाजात इतकं बळ आणि इतका ठहराव आणला असेल, तर त्याच्याबद्दल टिपणात 'खोट्या आवाजात गातो' असं वाचल्यावर मंडळातले लोक ध्वनिमुद्रण सुरू होण्याआधीच निकाल देऊन मोकळे होतील. इटालियन शब्दाची धार तीन-चारशे वर्षांच्या वापरात बोथट झाली आहे. मराठी 'खोटा' अजून कापतो.

शरीरात घडतं ते असं. बोलताना आपले स्वररज्जू जाड असतात, त्यांची पूर्ण जाडी एकमेकांवर आपटते. फॉल्सेटोत ते ताणले जाऊन पातळ होतात आणि मुख्यतः त्यांच्या कडाच थरथरतात. बहुतेक काउंटरटेनर बोलतात आपल्यासारख्याच, पुष्कळदा चांगल्या खर्जातल्या, आवाजात. पुरुष गायकानं पेटीच्या पांढरी एक या पट्टीत षड्ज धरला असं समजा. काउंटरटेनरचा वावर साधारण मध्य सप्तकातल्या पंचमापासून वर सुरू होतो आणि तार षड्ज ओलांडून अतितार गंधारापर्यंत जातो. आपल्या गायिका काळी चार, काळी पाचमध्ये गातात, त्यांच्याच मुलुखात तो हिंडतो.

इथूनच 'बायकी' हा शब्द सुचतो. मराठीत पुरुषाच्या संदर्भात 'बायकी' हा शब्द कधीही निव्वळ वर्णनाचा नसतो, त्यात हेटाळणी असतेच, एवढ्या एका कारणासाठीही तो मी टाकून दिला असता. पण तो वस्तुस्थितीलाही धरून नाही. बालगंधर्वांचं उदाहरण घ्या. नारायणराव राजहंस शालू नेसून, अंबाडा घालून रंगमंचावर येत, प्रेक्षकांतल्या बायका त्यांच्या दागिन्यांची नक्कल करत. मात्र गाताना गळा त्यांचा स्वतःचा, नैसर्गिक. बाईचा सूर काढायचा म्हणून आवाज बारीक करणं त्यांनी केलं नाही. काउंटरटेनरच्या बाबतीत उलट आहे : वेश पुरुषाचा, भूमिका बहुधा कुणाचीच नाही, फक्त स्वरांची उंची बायकांच्या टापूतली. तो कुणाची नक्कल करत नसतो.

व्हिवाल्दीच्या काळात हा टापू एका लिंगाच्या मालकीचा नव्हताच. चर्चमध्ये स्त्रियांनी मौन पाळावं, या संत पौलाच्या पत्रातल्या वाक्याचा आधार घेऊन बहुतेक ठिकाणी त्यांना गायनवृंदाबाहेर ठेवलं होतं. मग वरचे स्वर गायचे कुणी? गळा न फुटलेल्या मुलांनी, फॉल्सेटो गाणाऱ्या प्रौढ पुरुषांनी, नाहीतर कास्त्रातींनी. दुसरीकडे व्हेनिसमध्ये पिएता या अनाथालयात व्हिवाल्दी स्वतः शिकवत असे आणि तिथे सगळे आवाज मुलीच गात, जाळीच्या आडून. एकाच उंचीची ओळ एका गावात मुलगी गायची, दुसऱ्या गावात बाप्या.

कास्त्रातींचा उल्लेख आला आहे तर एक गल्लत दूर करतो, कारण मराठीत ती मी छापलेली पाहिली आहे. कास्त्राती म्हणजे वयात येण्याआधी खच्ची केलेले गायक. त्यांचा गळा वाढलाच नाही, छाती मात्र वाढली. काउंटरटेनरवर असलं काहीही केलेलं नसतं. कास्त्रातींपैकी एकट्या आलेस्सांद्रो मोरेस्कीचं एकल गाणं ध्वनिमुद्रित झालं, रोममध्ये, 1902 आणि 1904 साली. तो आवाज आणि शोलचा आवाज पाठोपाठ ऐकवा, एका मिनिटात मंडळाला फरक कळेल.

आता 'काउंटरटेनर'. मराठी माणसाला यातला 'काउंटर' ऐकला की बँकेची खिडकी आठवते, आणि टेनर म्हणजे चढा पुरुषी आवाज हे ठाऊक असेल तर 'टेनरच्या विरुद्ध तो काउंटरटेनर' असं वाटतं. दोन्ही वाटा चुकीच्या. लॅटिन 'तेनेरे' म्हणजे धरणे. मध्ययुगीन चर्चसंगीतात एक आवाज मूळ धार्मिक चाल लांब लांब स्वरांत धरून ठेवायचा आणि बाकीचे तिच्याभोवती विणकाम करायचे. चाल धरणारा तो टेनर. आपल्याला हे समजावून सांगायलाच नको. आपण ठेका धरतो, सूर धरतो, साथ धरतो. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी झील धरतात. लॅटिनातलं क्रियापद आणि आपलं क्रियापद कामाला एकच आहेत.

चौदाव्या-पंधराव्या शतकात या टेनरला जोड म्हणून आणखी एक आवाज रचला जाऊ लागला, तो कॉन्ट्राटेनर, म्हणजे टेनरच्या समोरचा. 'कॉन्ट्रा' इथे वैर दाखवत नाही. प्रतिध्वनी, प्रतिबिंब यांतला 'प्रति' तो. पुढे या प्रति-आवाजाचे दोन झाले : टेनरच्या वर राहणारा 'कॉन्ट्राटेनर आल्तुस' आणि खाली राहणारा 'कॉन्ट्राटेनर बास्सुस'. त्यांचेच घासून अल्टो आणि बास झाले. 'आल्तुस' म्हणजे उंच. म्हणूनच कोशात अल्टोचा अर्थ 'उंच' आणि व्याख्या 'स्त्रियांचा खालचा आवाज' अशी विसंगती दिसते. नाव पडलं तेव्हा मोजपट्टी पुरुषांची होती, ती ओळ बायका गाऊ लागल्यावर उंच म्हणवणारा आवाज त्यांच्यात सर्वांत खालचा ठरला. हा तपशील मला फार आवडतो. शब्द जिथे जन्मला तिथली खोली अजून अंगावर घेऊन फिरतोय.

म्हणजे काउंटरटेनर हे नाव आवाज कसा काढतात याचं नाही. विणीत त्याची जागा कोणती, याचं आहे. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात पर्सेल या संगीतकाराच्या काळी तो रुळलेला होता, नंतर मागे पडला. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत संगीतकार मायकेल टिपेटनं कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्ये आल्फ्रेड डेलरला ऐकलं आणि हा जुना शब्द पुन्हा वापरात आणला. पुढे 1960 साली संगीतकार बेंजामिन ब्रिटननं खास डेलरसाठी ऑपेरातली परीराजाची भूमिका लिहिली. आज या आवाजाचे गायक जगभर आहेत ते बरेचसे त्या एका गळ्यामुळे.

मराठी प्रतिशब्द घडवून पाहिले. 'प्रतिधारक' व्युत्पत्तीला चोख, पण 'धारक' म्हटलं की शिधापत्रिका डोळ्यांसमोर येते. फॉल्सेटोसाठी 'कृतक स्वर' मला काही दिवस पटला होता. शाकुंतलात हरणाच्या पाडसाला 'पुत्रकृतक' म्हटलंय, म्हणजे पोटचा नव्हे पण पुत्र मानलेला, आणि तिथे त्या शब्दात केवढी माया आहे. पण आजच्या मराठीत कृतक म्हणजे उसना, दिखाऊ. तोही गेला. 'टिपेचा आवाज' जवळचा वाटतो, पण टीप ही गाठायची जागा आहे. हा गायक तिथेच राहतो.

मग शार्ङ्गदेव आठवला. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी बसून त्यानं 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात नादाची तीन स्थानं सांगितली आहेत : मंद्र हृदयात, मध्य कंठात आणि तार मूर्ध्नीत, प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट. युरोपातले गायनशिक्षकही छातीचा आवाज आणि डोक्याचा आवाज असेच शब्द वापरतात. आपल्या परंपरेत डोक्यातल्या आवाजाला मानाची जागा शास्त्रातच दिलेली आहे. त्याला खोटा म्हणण्याची गरज पुढच्या घराण्यांच्या तालमीला पडली. म्हणून फॉल्सेटोसाठी मी 'शिरस्वर' सुचवतो. ('मूर्धस्वर' टाळतो, कारण मूर्धन्य म्हटलं की ट, ठ, ड आठवतात.) काउंटरटेनर मात्र तसाच राहू द्या. सोप्रानो, टेनर आपण घेतलेच आहेत. तुमचं वाक्य असं होईल : 'गायक काउंटरटेनर आहे; म्हणजे पुरुष असून तो शिरस्वरात, गायिकांच्या पट्टीत गातो.'

टिपणात घालायला आणखी दोन गोष्टी. शोलसोबत वाजवणाऱ्या वृंदाचं नाव आहे आन्साम्ब्ल 415. ही त्यांची पट्टी : आज जगभर जुळवणीचा स्वर सेकंदाला 440 कंपनांना जुळवतात, बरोक (म्हणजे व्हिवाल्दीच्या काळच्या) संगीतासाठी 415 धरतात, म्हणजे सुमारे अर्धा स्वर खाली. पट्टी हेच ज्यांनी नाव घेतलं त्यांच्याविषयी मराठी श्रोत्याला आपोआप आपुलकी वाटेल. दुसरी गोष्ट रचनेची. ही रचना 1712 साली ब्रेशा शहरातल्या चर्चमध्ये प्रथम झाली. मूळ स्तोत्राची वीस कडवी, प्रत्येक तीन ओळींचं. व्हिवाल्दीनं पहिली दहाच घेतली. चौथ्या, पाचव्या, सहाव्या भागाला त्यानं पहिल्या तीन भागांचंच संगीत पुन्हा दिलं आहे. आपल्याकडे एका चालीत पुढच्या ओव्या म्हणतात तसंच, पण इथे शब्द अधिक जड झालेले असतात आणि चाल तीच येते तेव्हा आतून काहीतरी खचतं. 'एया मातेर' हा भाग लागला की सगळ्यांना गप्प बसायला सांगा. तिथे खालच्या वाद्यांचा आधार काढून घेतलेला आहे, वरच्या तारा तुटक तुटक चालत राहतात आणि तंबोरा थांबल्यासारखा तो आवाज अधांतरी राहतो. खुल्या, छातीच्या आवाजात ती जागा मला कल्पनेतही ऐकू येत नाही.

राहिली पहिली ओळ. 'उभी राहिली' नको. 'स्टाबात' हा लॅटिनातला अपूर्ण भूतकाळ आहे, चालू असलेल्या अवस्थेचा. 'उभी राहिली' म्हटलं की बसलेली बाई उठली असं वाटतं. 'उभी होती' हवं. तिसऱ्या ओळीतलं 'पेन्देबात', म्हणजे टांगलेला होता, हेही त्याच काळात आहे. त्याचं टांगलेलं असणं जितका वेळ, तितका वेळ तिचं उभं असणं. सगळं कडवं या दोन क्रियापदांच्या जोडीवर तोललेलं आहे. 'युक्स्टा क्रूचेम' (क्रूसापाशी) यासाठी मराठी बायबलात 'वधस्तंभ' सापडेल, पण मी वसई-गोव्याकडचा 'क्रूस' घेईन. तो पोर्तुगीज 'क्रूझ'वरून आला आणि ते 'क्रूझ' लॅटिन 'क्रुक्स'वरून, म्हणजे स्तोत्रातलाच शब्द आहे, समुद्रमार्गे आलेला. ध्वनिमुद्रण लावण्याआधी हे कडवं असं वाचून दाखवा :

आई उभी होती दुःखानं भरलेली,
क्रूसापाशी, डोळ्यांना धार,
लेक टांगलेला होता तोवर.