वाटीखालचे दुखणे: सोनोग्राफीच्या रिपोर्टवरून उपचार कसे ठरवावेत

आपल्या प्रश्नातील माहिती मला अशी समजली आहे: वय ४२, धावण्याची नियमित सवय, साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनसाठी यवतेश्वर घाटात सराव, आणि गेले तीन महिने घाट उतरताना गुडघ्याच्या वाटीखाली दुखणे. सोनोग्राफीत पटेलर टेंडन, म्हणजे वाटीला नडगीच्या हाडाशी जोडणारी कंडरा, वरच्या टोकाशी जाड आणि काळसर दिसली व डॉपलरवर (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) तिथे रक्तप्रवाह आढळला. एका डॉक्टरांनी पीआरपी, म्हणजे स्वतःच्याच रक्तातून वेगळ्या काढलेल्या प्लेटलेट्सचे इंजेक्शन सुचवले आहे, तर सोबत धावणारे एमआरआय करून घ्या म्हणत आहेत. मी स्नायू व सांध्यांची सोनोग्राफी करणारा रेडिओलॉजिस्ट आहे. आपला गुडघा मी तपासलेला नसल्यामुळे पुढील मजकूर आपल्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावा एवढ्याच हेतूने लिहितो आहे.

माझ्या मते एमआरआयची आत्ता गरज नाही आणि इंजेक्शनची घाई मुळीच करू नये. मात्र त्याआधी एक गोष्ट पक्की करायला हवी, ती म्हणजे चित्रात दिसलेला दोष आणि आपली वेदना एकाच जागी आहेत का. व्हॉलीबॉल आणि बास्केटबॉल खेळणाऱ्या अनेकांच्या कंडरेत नेमका असाच काळसर भाग दिसतो आणि तरीही त्यांना काहीही दुखत नसते. म्हणून पाय सरळ व सैल ठेवून वाटीच्या खालच्या टोकावर एका बोटाने दाबून पाहा. ओळखीची वेदना तिथेच उमटत असेल आणि उडी मारताना किंवा एका पायावर खाली बसताना ती वाढत असेल, तर कंडरेचाच विकार असण्याची शक्यता मोठी आहे. वेदना वाटीच्या मागे किंवा भोवती पसरलेली असेल आणि बराच वेळ गुडघे दुमडून बसल्यावरही होत असेल, तर ती बहुधा वाटी आणि मांडीचे हाड यांच्यातील सांध्याची असते. त्या दुखण्यात सोनोग्राफी बहुतेक वेळा काहीच दाखवत नाही, आणि रिपोर्टमधील कंडरेचा उल्लेख केवळ दिशाभूल करतो.

तपासणी कशी झाली यावरही बरेच अवलंबून असते. गुडघ्याखाली गुंडाळी ठेवून तो सुमारे ३० अंश वाकवावा लागतो, कारण सैल पडलेल्या कंडरेवर ध्वनिलहरी काटकोनात पडत नाहीत आणि निरोगी कंडराही काळसर दिसू लागते. याउलट डॉपलरच्या वेळी गुडघा सरळ हवा आणि प्रोबचा, म्हणजे त्वचेवर फिरवतात त्या उपकरणाचा, दाब अगदी हलका हवा, नाहीतर ताणामुळे बारीक रक्तवाहिन्या दबून रक्तप्रवाह दिसेनासा होतो. दुसरा गुडघाही तुलनेसाठी पाहायला हवा. आपल्याकडे गर्भलिंगनिदानविरोधी १९९४ च्या कायद्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी करावी लागते. त्यामुळे अस्थिरोगतज्ज्ञांच्या खोलीत हे यंत्र क्वचितच असते, आणि गुडघा दाबून पाहणारी व्यक्ती वेगळी व चित्र काढणारी वेगळी, असे घडते. हा दुवा रुग्णानेच जोडावा लागतो: तपासणीला जाल तेव्हा नेमके कुठे दुखते ते बोटाने दाखवा आणि प्रोब तिथेच ठेवून दाबायला सांगा.

एमआरआयबद्दल सांगायचे तर सांध्याच्या आतले क्रूसिएट लिगामेंट (मांडी व नडगीच्या हाडांना जोडणारे बंध), मेनिस्कसची म्हणजे गुडघ्यातील कूर्चेच्या गादीची खोलवरची फाट आणि हाडाच्या आतली सूज सोनोग्राफीत नीट दिसत नाही, हे खरे आहे. पण आपल्या तक्रारीत गुडघा पिळवटल्याचा, अडकल्याचा किंवा एकाएकी सुजल्याचा उल्लेख नाही. शिवाय एमआरआयमध्ये वेदनेशी संबंध नसलेल्या गोष्टीही सापडतात. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथे पन्नाशीच्या पुढच्या लोकांची पाहणी झाली, जी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात मेनिस्कस फाटलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्यात गुडघ्याचा काहीही त्रास झालेला नव्हता.

कंडरेचा विकार असेल तर खरा उपचार म्हणजे तिच्यावर मोजूनमापून वाढवत नेलेला भार. संपूर्ण विश्रांतीने वेदना शमते, पण कंडरेची ताकद आणखी घटते आणि धावू लागताच दुखणे परत येते. डेन्मार्कमध्ये २००९ साली झालेल्या अभ्यासात तीन उपचारांची तुलना केली गेली: स्टेरॉइडचे इंजेक्शन, उतरत्या फळीवरचे स्क्वॉट आणि जड वजनाने संथ गतीने केलेला व्यायाम. १२ आठवड्यांनी तिन्ही गटांना बरे वाटत होते, पण सहा महिन्यांनी स्टेरॉइडच्या गटाची सुधारणा ओसरली होती आणि व्यायाम करणाऱ्यांची टिकून होती. म्हणून कंडरेत किंवा तिच्याभोवती स्टेरॉइड घेऊ नका असे मी कळकळीने सांगतो. पीआरपीबाबतचे पुरावे परस्परविरोधी आहेत आणि नियंत्रित चाचण्यांत ते सलाइनपेक्षा सातत्याने सरस ठरलेले नाही, तेव्हा तीन महिने नेमाने व्यायाम करण्याआधी त्यावर खर्च करणे मला योग्य वाटत नाही. फिजिओथेरपीत वापरतात ते अल्ट्रासाऊंडचे यंत्र उपचाराचे असते, निदानाचे नव्हे, आणि या विकारात त्याच्या सौम्य लहरींचा फायदा नकली उपचारापेक्षा अधिक आढळलेला नाही.

प्रत्यक्षात सुरुवात गुडघा साधारण ६० अंशांवर स्थिर धरून ४५ सेकंद जोर लावण्याच्या पाच आवर्तनांनी करता येते. नंतर आठवड्यातून तीन दिवस लेग प्रेस, स्क्वॉट आणि लेग एक्स्टेन्शन हे मांडीचे व्यायाम संथपणे करून वजन वाढवत न्यावे. व्यायाम करताना दहापैकी तीनपर्यंत वेदना चालेल, पण ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मूळ पातळीवर यायला हवी, न आल्यास वजन कमी करावे. सपाटीवर हळू धावणे चालू ठेवा. घाटाचा उतार, वेगाची सत्रे आणि उड्या मात्र किमान सहा ते आठ आठवडे बंद ठेवा, मग या वर्षीची शर्यत चुकली तरी चालेल. प्रगती मोजण्यासाठी पुन्हा सोनोग्राफी करू नका, कारण वेदना गेल्यानंतरही काळसर भाग दीर्घकाळ तसाच राहू शकतो. त्याऐवजी एका पायावर स्क्वॉट करताना होणारी वेदना दर आठवड्याला नोंदवा.

गुडघा अडकू लागला, काही तासांत टम्म सुजला, पायावर चार पावलेही टाकता येईनात किंवा पोटरी एकदम सुजून दुखू लागली, तर वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. गुडघा गरम व लाल होऊन ताप आला, तर सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो, आणि तेव्हा रात्र असली तरी थेट रुग्णालय गाठा.