एकटीने पावसात टेंट लावायचा का?

प्रश्न: ताई, मी नाशिकला असते, वय ३१, छोटी हॅचबॅक आहे. ऑगस्टमध्ये एकटीच भंडारदऱ्याला जायचंय. दिवसभर फिरायचं आणि रात्री तलावाकाठी टेंट लावायचा असा बेत आहे, टेंट वॉटरप्रूफ आहे. आई म्हणते पावसात कसलं कॅम्पिंग. जाऊ का? आणि एका दिवसात काय काय बघून होईल?

उत्तर: जा गं, नक्की जा. फक्त तलावाकाठचा टेंट डोक्यातून काढून टाक. ऑगस्टमध्ये धरण भरत असतं, पाणी रात्रीतून किती वर सरकेल ते सांगता येत नाही, आणि काठची माती इतकी भिजलेली असते की टेंटची खुंटी बोटाने दाबली तरी आत जाते आणि वारा सुटला की तशीच बाहेर येते. त्यापेक्षा रतनवाडीत किंवा शेंडीच्या आसपास एखाद्या घरी विचार, पडवीत टेंट लावू देतात, जेवणही होतं. गरम पिठलं-भाकरी आणि पत्र्यावर रात्रभर पाऊस, मला तरी यापेक्षा जास्त काही नको असतं. शिवाय रतनवाडी, साम्रद, घाटघर हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे वाटेल तिथे मुक्काम करायचा नाही, वनखात्याच्या नाक्यावर विचारूनच.

वॉटरप्रूफ टेंटचं म्हणशील तर माझा पहिल्या पावसाळ्यात आतून भिजला होता, आणि छत अजिबात गळत नव्हतं. खाली अंथरलेलं प्लॅस्टिक टेंटच्या बाहेर वीतभर राहिलं होतं, त्यावर पडलेलं पाणी सरळ माझ्या पाठीखाली येऊन साठलं, पहाटे ३ वाजता स्लीपिंग बॅग पिळावी लागली. उघड्यावर लावायची वेळ आलीच तर प्लॅस्टिक चारी बाजूंनी आत दुमडून घे, आणि चेन थोडी उघडी ठेव नाहीतर श्वासाचंच पाणी होऊन टपकतं. स्टोव्ह मात्र टेंटमध्ये कधीच पेटवू नकोस, गाडीतही नाही, जळताना जो कार्बन मोनॉक्साइड वायू होतो त्याचा वास येत नाही आणि माणूस झोपेतच जातो.

आता बघण्याचं. घोटी, बारी करत शेंडीला सकाळी लवकर पोच. रंधा धबधबा बघ, कठड्याच्या अलीकडूनच. अंब्रेला फॉल धरणातून पाणी सोडलं असेल तरच दिसतो, नसेल तर विल्सन डॅम बघून पुढे निघ, १९२६ साली पूर्ण झालेलं दगडी धरण आहे, तेही बघण्यासारखंच. मग जास्तीत जास्त वेळ रतनवाडीच्या अमृतेश्वराला दे. पुष्करणी भरलेली असते, गाभाऱ्यातही पाणी साठतं, आणि काळ्या दगडावरच्या नक्षीतून पाण्याचे ओघळ उतरताना बघत नुसतं बसावंसं वाटतं. घाटघरचा कोकणकडा धुक्यात बहुतेक दिसणार नाही, तरी पाऊस उघडला तर जाऊन ये. सांदण दरीत मात्र कोणी कितीही म्हटलं तरी पावसाळ्यात उतरायचं नाही, वरून पाण्याचा लोंढा आला तर त्या अरुंद घळीत पळायला जागाच नसते.

गाडी दरडीखाली किंवा झाडाखाली लावू नकोस, भातखाचराच्या कडेला उतरवलीस तर रुतणारच. अंधार पडायच्या आत, म्हणजे साडेपाचलाच मुक्कामी पोच, एखादं ठिकाण राहिलं तर राहू दे. आणि आत रेंजचा भरवसा नाही, तेव्हा शेंडीतूनच आईला फोन करून कुठल्या गावात राहणार ते सांग.