जपानमधली पुस्तकं पुण्याला नेताना

प्रश्न: ताई, आम्ही ६ वर्षं तोक्योत निशी-कासाईला राहतोय, मार्चमध्ये कायमचे पुण्याला परत चाललोय. घर एवढंसं आणि पुस्तकं ढीगभर, कारण रविवार आला की मी जिंबोचोला, तिथल्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात पळायचो आणि काहीतरी उचलून आणायचो. त्यात दोऱ्याने शिवलेली जुनी जपानी पुस्तकंपण आहेत, वाचता काही येत नाहीत, नुसती चित्रं बघतो. शिवाय देवळांतून शिक्के घेतलेल्या ३ गोशुइनचो वह्या. बायको म्हणते हे सगळं काढ नाहीतर तूपण इथेच राहा! काय नेऊ, काय सोडू? गेल्या पावसाळ्यात दोन पुस्तकांना बुरशीपण लागली.

उत्तर: वहिनींचं अर्धं बरोबर आहे. ते जाडजूड गुळगुळीत कागदाचे चित्रांचे ग्रंथ जिंबोचोलाच परत विकून टाका, किलोकिलोचा हिशोब करत विमानात बसायचंय तुम्हाला. पण शिवलेली पुस्तकं सोडू नका हां, वाचता येत नसली तरी. तुतीच्या जातीतल्या कोझोच्या सालीचा कागद असतो बहुतेक, वजनाला हलका आणि टिकायला चिवट. आणि एक, त्यातलं प्रत्येक पान दुहेरी असतं, घडी बाहेरच्या कडेला आणि सुट्या कडा आत शिवलेल्या. कोणीतरी हौशी पाहुणा पानं चिकटलीत समजून सुरी घेऊन बसेल, त्याला आवरा.

बुरशीवाली दोन वेगळी काढा. उन्हात नाही, सावलीत पंख्याखाली पूर्ण वाळवा, मग तोंडाला मास्क लावून बाल्कनीत मऊ ब्रशने झटका. ओल्या फडक्याने पुसलंत तर बुरशी आणखी आत जाईल. आणि ओलसर असताना प्लॅस्टिकमध्ये बांधू नका, लोक हमखास हेच करतात. सेंबेईच्या (तांदळाच्या कुरकुरीत बिस्किटांच्या) पाकिटातल्या सिलिका जेलच्या पुड्या साठवून ठेवा, पुण्यात जून ते सप्टेंबर लागतील. आपल्याकडे पोथ्या सुती बासनात बांधून वेखंडाचा तुकडा ठेवायचे, तेही करा, कसरीला तो वास आवडत नाही. कपाट खिडकीसमोर नको. जिंबोचोत यासुकुनी रस्त्यावरची बरीचशी जुनी दुकानं दक्षिण बाजूला उत्तरेकडे तोंड करून का आहेत माहितीये ना, पुस्तकांवर थेट ऊन पडू नये म्हणून!

गोशुइनचो मात्र हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये अजिबात नाही. पुस्तक हरवलं तर दुसरं मिळेल, त्या त्या दिवशी समोर बसून ब्रशने लिहून दिलेलं पान परत कुठून आणणार? आणि निघायच्या आधी एका कागदावर पेन्सिलीने देवळांची नावं ओळीने मराठीत लिहून काढा, सोबत कोण होतं तेही लिहा. शिक्क्याजवळ तारीख असते पण बहुतेकदा रेइवा सनात, म्हणजे आत्ताच्या सम्राटाच्या काळापासून मोजलेल्या जपानी वर्षात, रेइवा ७ म्हणजे २०२५, आकड्यात २०१८ मिळवायचे. देवळाचं नाव इतक्या वळणदार अक्षरात असतं की दोन वर्षांनी तुम्हालाच ओळखता येणार नाही, आणि तेव्हा विचारायला शेजारी जपानी माणूस नसेल.